आधी त्या चार काडतुसांचं बघा

पत्र मुंबईच्या साकीनाक्याहून आलं आहे. लिहिणाऱ्यांचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन. नाव छापू नका म्हणाले आहेत. पत्राचा गोषवारा असा:

"आजोबा दुसऱ्या महायुद्धात लष्करात होते. गावचं घर रिकामं करताना माळ्यावरच्या ट्रंकेत उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या निघाल्या, शंभरेक असतील. बुडावर ‘के एफ’, ४२ आणि रोमन सात असं ठोकलेलं आहे. काही पितांबरीने घासून चकाचक केल्या. मेव्हणा टेक्सासला असतो, तो गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. फोटो बघून म्हणाला, या बर्डन पद्धतीच्या आहेत, यांना बॉक्सर पद्धतीचा प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) बसत नाही, पण तुझ्याकडे लेथ आहे तर बदलता येतील; येताना मी प्रायमरची डबी घेऊन येतो. गावी एका मित्राकडे .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचा व्यास) लायसन्सची रायफल आहे, तिला या चालतील असं मित्राला वाटतं. मला स्वतःला बंदुकीचा शौक नाही, पण काम जमतं का ते बघायची खुमखुमी आहे. मधली ऐरण उडवून तिथे भोक पाडलं आणि जुनी दोन भोकं ब्रेझिंगने (ज्योतीवर वितळवलेल्या धातूने) बुजवली, तर चालेल ना? ता. क. ट्रंकेत चार काडतुसं न उडालेलीही आहेत. त्यांचं काय करू?"

दोन पानं लेथवर आणि जिवंत काडतुसं ताजाकलमात! मी उलटीकडून सुरुवात करतो.

ती चार काडतुसं घासू नका. गोळी ओढून काढायला जाऊ नका. व्हाइसमध्ये धरू नका, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात त्या खोलीत तर ठेवूच नका. ‘ऐंशी वर्षं झाली, आता कसली उडतायत’ असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका. बुडावरच्या शिक्क्यांवरून ती ब्रिटिश लष्कराच्या .३०३ बोअरची आहेत, आणि त्या काळच्या .३०३ मध्ये कॉर्डाइट नावाची दारू असते, बारीक काड्यांची जुडी. ते कोरडं राहिलं असेल तर आजही पेटतं, आणि खराब झालं असेल तर कधी काय करेल ते सांगता येत नाही. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत. भंगारवाल्याकडे चुकूनही जाऊ देऊ नका. पितळ म्हणून तो किलोवर घेईल, पुढे ते कुठल्यातरी भट्टीत पडेल, आणि भट्टीपाशी कुणाचा तरी पोरगा उभा असेल. खाडीत फेकणं हाही उपाय नव्हे.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भागही येतात आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही. बाळगायला कलम ३ चा परवाना लागतो. बनवायला, दुरुस्त करायला किंवा त्यात बदल करायला कलम ५ चा. त्यातून .३०३ हा लष्करी बोअर, सामान्य परवान्यावर मिळतच नाही. म्हणजे ती चार काडतुसं आज तुमच्याकडे आहेत ती बेकायदा आहेत, मग आजोबांनी ती कितीही निरागसपणे ठेवलेली असोत. न्यायालयं ‘जाणूनबुजून ताबा’ होता का हे बघतात, आणि ट्रंक उघडेपर्यंत तुम्हाला काहीच माहीत नव्हतं हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. पण ट्रंक उघडून, मोजून, फोटो काढून तुम्ही ते मेव्हण्याला पाठवलेत. आता दर आठवड्याला तो मुद्दा थोडा थोडा पातळ होत चालला आहे.

याच कायद्याचं कलम २१ सांगतं की जे बाळगणं कायदेशीर राहिलेलं नाही ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावं. तेच करा, पण रीतसर. आधी फौजदारी बघणारा एखादा वकील गाठा आणि त्याच्याकडून एक पानाचा अर्ज लिहून घ्या: ट्रंक कुणाची, कधी उघडली, काय किती निघालं, बुडावर काय लिहिलं आहे. सोबत आजोबांच्या नोकरीचा काही कागद असेल तर तो आणि त्यांचा मृत्यूचा दाखला. पहिल्या खेपेला फक्त कागद आणि फोटो घेऊन जा. काडतुसं कशी न्यायची, की पोलीसच येऊन नेतील, हे त्यांना ठरवू द्या. पिशवीत घालून घाटकोपरची मेट्रो पकडलीत तर स्कॅनरवर जी तारांबळ उडेल ती निस्तरायला अर्ज पुरणार नाही. रिकाम्या पुंगळ्यांचाही त्याच अर्जात उल्लेख करा. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, पण ते दुसऱ्या पूरक भागांबरोबर वापरायचा इरादा नसेल तरच. तुमच्या पत्रात तो इरादा चांगला दोन पानं पसरलेला आहे. जमा केल्याची पोच घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका.

हे झालं की मग तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. तो चांगला आहे, आणि तुमच्यासारख्या खरादीकाम करणाऱ्या माणसाला त्याचं उत्तर नीट मिळायला हवं. नुसतं ‘बेकायदा आहे’ म्हणून सोडलं तर रात्री अकराला शटर पाडून तुम्ही एक तरी पुंगळी लेथच्या चकात धराल, हे मला माहीत आहे.

प्रायमर पेटायला दोन गोष्टी लागतात: समोरून मारणारी पिन, आणि मागून टेका देणारी ऐरण, म्हणजे मधलं मिश्रण चेपलं जाईल. ती ऐरण कुठे ठेवायची यावर दोघांनी दोन उत्तरं दिली, तीही एकाच वर्षी, १८६६ मध्ये. हायरम बर्डन हे अमेरिकन यादवी युद्धात नेमबाजांच्या पलटणीचे कर्नल. त्यांनी ऐरण पुंगळीच्याच बुडात ठेवली, प्रायमरच्या खोबणीच्या तळाशी एक उंचवटा म्हणून, आणि ठिणगी आत जायला तिच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक भोकं. एडवर्ड बॉक्सर हे वुलिचच्या ब्रिटिश रॉयल लॅबोरेटरीचे. त्यांच्या पद्धतीत ऐरण प्रायमरच्याच आत बसते, आणि पुंगळीला बरोबर मध्यावर एकच मोठं भोक. गंमत अशी की अमेरिकन माणसाची पद्धत युरोपभर आणि पुढे ब्रिटिश साम्राज्यातही रुजली, आणि इंग्रजाची अमेरिकेत. तुमच्या पुंगळ्यांवरचं ‘के एफ’ म्हणजे आपल्या पुण्याजवळची खडकी फॅक्टरी, आणि रोमन सात म्हणजे .३०३ ची मार्क सात ही आवृत्ती. खडकी ब्रिटिशांच्या नमुन्यावर चालायची, म्हणून बर्डन.

मेव्हण्याला बॉक्सर हवी, कारण पुन्हा भरणाऱ्यासाठी ती सोपी. मध्यावर भोक आहे, वरून एक पिन सारली की वाजलेला प्रायमर खाली पडतो. बर्डनला मध्यावर ऐरण, पिन जाणार कुठून? म्हणून तिकडचे शौकीन आकड्यासारखं हत्यार घालून तो उचकटतात, किंवा पुंगळीत पाणी भरून वरून घट्ट बसणारी सळई ठोकतात आणि पाण्याच्या दाबाने तो बाहेर काढतात. शिवाय बर्डन प्रायमर मिळायला अवघड. म्हणून जुन्या, दुर्मीळ बोअरच्या रायफली असणारे लोक हा बदलाचा उद्योग करायचे. आता तिकडेही तो मागे पडत चालला आहे. सर्बियाची प्रवी पार्टिझान ही कंपनी .३०३ सकट अनेक जुन्या बोअरच्या नव्या कोऱ्या बॉक्सर पुंगळ्या विकते. एका पुंगळीवर अर्धा तास घालवायचा, आणि शेवटी तयार काय, तर ऐंशी वर्षं जुनं पितळ. हिशेब बसत नाही.

तुम्हाला वाटतं अवघड काम ऐरण काढण्याचं. ते तर सगळ्यात सोपं. तुमच्यासारखा माणूस एंड मिलने दोन मिनिटांत ती सपाट करेल आणि मध्यावर दोन मिलिमीटरचं भोकही सरळ पाडेल. घोळ त्यानंतर सुरू होतो. .३०३ च्या बर्डन प्रायमरचा व्यास ६.३५ मिलिमीटर, आणि मोठ्या रायफल बॉक्सर प्रायमरचा सुमारे ५.३३. म्हणजे खोबणीत जवळजवळ एक मिलिमीटरचा ढिलेपणा. बुश, म्हणजे आत बसवायची कडी, घालावा लागणार, तोही पितळात पितळाचा, घट्ट बसणारा. शिवाय बॉक्सर प्रायमरच्या पोटात ऐरण असल्यामुळे त्याला खोली जास्त लागते. खोबण खोल केली की बुडाची जाडी कमी झाली.

आणि ते बूड किती सोसतं ते बघा. .३०३ चा कमाल दाब सुमारे ३,६०० बार. घरातल्या कुकरची शिट्टी होते ती साधारण एक बारला. हा दाब ५.३३ व्यासाच्या त्या चिमुकल्या चकतीवर पूर्ण पोचला तर रेटा होतो सुमारे ८०० किलोचा. तुम्ही बुश कितीही घट्ट ठोका, त्याच्या मागे फक्त बोल्टचा, म्हणजे रायफल मागून बंद करणाऱ्या दांड्याचा, चेहरा आहे. बुशच्या कडेने गॅसला केसाएवढी जरी फट मिळाली, तरी ती पितळ कापत मागे येते. आणि रायफलच्या मागे नेमबाजाचा डोळा असतो.

जुनी दोन भोकं तशीच ठेवली तर? दोन्ही एकेक मिलिमीटरची धरा आणि मधलं नवं दोनचं. एकूण क्षेत्रफळ एकट्या मधल्या भोकाच्या दीडपट होतं. प्रायमरवर उलटा येणारा दाब वाढतो, त्याची वाटी पिनेभोवती फुगते, कधी फाटते. प्रायमर जरासा वर राहिला तर बोल्ट बंद करतानाच वाजू शकतो, खोल गेला तर पिन पोचत नाही. तुम्ही शतांश मिलिमीटरमध्ये काम करता, तेव्हा हे तुम्हाला जास्त सांगायला नको. पण शंभर पुंगळ्या, प्रत्येकीचं बूड वेगळं झिजलेलं, त्यात रनआउट, म्हणजे फिरताना मध्य हलणं. मनात हिशेब करून बघा.

आता तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य, जे वाचून माझा चहा गार झाला: ब्रेझिंग. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. पुंगळी पत्र्यापासून ओढत ओढत घडवतात आणि तिचं बूड मुद्दाम कडक ठेवतात, कारण सगळा मार तिथेच बसतो. तोंडाकडचा भाग मात्र तापवून मऊ करतात, म्हणजे तो गोळीला धरतो आणि तडकत नाही. एकाच पुंगळीत हा दोन टोकांचा फरक हेच त्या वस्तूचं सगळं कसब. तुम्ही बुडावर ब्रेझिंगची ज्योत धरलीत की तो कडकपणा गेला, आणि तो परत आणायला तुमच्याकडे काहीही नाही. पितळ विझवून कडक होत नाही, ते ठोकून, दाबून, ओढूनच कडक होतं. बूड मऊ झालेली पुंगळी दिसायला अगदी निरोगी, आणि चेंबरमध्ये, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या जागेत, लोण्यासारखी. परदेशात ज्यांनी हा बदल केला त्यांच्यातलेही शहाणे बुडाजवळ आच जाऊ देत नाहीत.

शिवाय तुमचं पितळ मुळात किती चांगलं आहे? त्या काळी टोपीच्या, म्हणजे प्रायमरच्या, मिश्रणात पाऱ्याचं फल्मिनेट हे धक्क्याने पेटणारं स्फोटक असायचं. काडतूस वाजलं की पारा पितळात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. वरून कितीही घासा, तो निघत नाही. मिश्रणातल्या पोटॅशियम क्लोरेटपासून मागे क्षार उरतात, ते हवेतलं पाणी ओढतात. त्यात .३०३ रायफलींची चेंबर सैल, एकदा उडालेली पुंगळी बुडाच्या जरा वर ताणली जाऊन आतून पातळ झालेली असते.

आणि पितळ नुसतं पडून पडूनही तडकतं. हा शोध आपल्याकडच्या पावसाळ्याशी जोडलेला आहे. ब्रिटिशांच्या फौजा पावसात हालचाल थांबवायच्या आणि दारूगोळा तबेल्यांत ठेवायच्या. पाऊस सरल्यावर बघावं तर पितळी पुंगळ्या तडकलेल्या, विशेषतः गोळी जिथे चिमटून धरलेली असते तिथे. हंगामात होतं म्हणून इंग्रजीत याला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडलं. खरं कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडलं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात घडवताना राहिलेला ताण, दोन्ही एकत्र आले की तडा. तुमची ट्रंक गावच्या घराच्या माळ्यावर होती, आणि माळ्याखाली गोठा होता का ते तुम्हीच आठवा. अमोनिया असलेलं बाटलीतलं पॉलिश तर बिलकूल वापरू नका. पितांबरीही आता पुरे. बुडावरचे शिक्के घासून गेले तर ती पुंगळी कुठली, कधीची, हे सांगणारा एकमेव कागदच तुम्ही फाडलात असं होईल, आणि पोलिसांना दाखवायलाही तोच लागणार आहे.

मेव्हण्याबद्दल. टेक्सासमध्ये तो करतो ते तिथे कायदेशीर आहे, तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी घरी काडतूस भरायला परवाना लागत नाही. पण प्रायमरची डबी? प्रायमर हे स्फोटक आहे. तिकडच्या विमानतळावरच ते हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि खाली टाकायच्या बॅगेतही नाही. तिथून चुकून सुटलं तर इथे कस्टम्स आहे. त्याला आजच फोन करा, व्हॉट्सॲपवर लिहीत बसू नका. ‘आणू नको’ एवढं स्पष्ट सांगा, आणि ‘बघू’ म्हणू नका, कारण मेव्हणे ‘बघू’ला होकार समजतात.

मित्राचं त्याहून सोपं. .३१५ आणि .३०३ या दोन वेगळ्या जातीच्या पुंगळ्या आहेत. .३१५ हा ८ बाय ५० मिलिमीटरचा, जुन्या ऑस्ट्रियन मॅनलिखर रायफलींच्या घराण्यातला बोअर, .३०३ ची पुंगळी साधारण ५६ मिलिमीटर लांब आणि अंगाने वेगळी. ‘तोंड जरा मोठं केलं की बसते’ ही गावाकडची समजूत आहे, आणि रायफल फोडायचा तो खात्रीचा रस्ता आहे. .३१५ ची काडतुसं आपल्या सरकारी कारखान्यात बनतात आणि त्याच्या परवान्यावर किती घ्यायची तो आकडा लिहिलेला असतो. त्याने ती परवानाधारक दुकानातून घ्यावीत. तुमच्या पुंगळ्यांचा आणि त्याच्या रायफलीचा संबंध असेल असं एकही वाक्य यापुढे कुठे लिहू नका.

कधी नेम धरून बघावासा वाटलाच, तर वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, तिथे जाऊन चौकशी करा. सुरुवात एअर रायफलने होते. त्यात शिशाचा छर्रा आणि दाबलेली हवा, प्रायमरच नाही. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलं ती ५० मीटरची स्पर्धा .२२ च्या काडतुसाची. त्यात ठिणगीचं मिश्रण पुंगळीच्या काठात भरलेलं असतं, एकदा वाजली की ती पुंगळी टाकूनच द्यायची. बर्डन की बॉक्सर हा वाद तिथे उद्भवतच नाही.

राहता राहिली तुमची खुमखुमी. पोलिसांनी रिकाम्या पुंगळ्या तुमच्याकडेच राहू द्यायला हरकत नाही असं लेखी दिलं, तर त्यातली एक घ्या आणि तिचा उभा छेद करा. आधी बुडाकडून बघा: टोपीवर पिनेचा खड्डा हवा, आणि वरून टॉर्च मारल्यावर आत काहीही दिसता कामा नये. खड्डा नसेल ती बाजूला ठेवा, तिला हत्यार लावायचं नाही. खड्डा असलेलीही आधी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा. मग लाकडाच्या दोन गालांमध्ये पकडून बारीक दातांच्या स्लिटिंग सॉने हळू, भरपूर कूलंट सोडत, बुडापासून तोंडापर्यंत मध्यावर कापा. दोन भोकं ज्या रेषेत आहेत ती रेषा आधी बुडावर आखून घ्या, नाहीतर छेदात एकही भोक येणार नाही. कापलेला चेहरा चारशेच्या पॉलिश पेपरवर घासलात की ऐरण, तिच्या दोन्ही बाजूंची भोकं आणि तोंडाकडे निमुळती होत जाणारी भिंत एका नजरेत दिसेल. बुडाच्या थोडं वर भिंत कुठे अचानक पातळ झाली असेल तर व्हर्नियरने मोजा आणि मला आकडा कळवा.